वडिलांची मोटार : लिलाव की खाजगी सौदा ?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात इस्लापूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला. जुनी मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापनाचे प्रशिक्षण, एवढेच आमचे शिक्षण. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांस गणित व मराठी शिकविण्यात गेली. व्याख्यानास शोभेल असा मोठा विषय आमच्यापाशी नाही. तेव्हा चिटणीसच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरच्या मोटारीची हकीकत सांगा. तिच्याविषयी गावात अर्धवट बोलले जाते. त्यापेक्षा तुमच्या तोंडून ती पूर्ण ऐकलेली बरी." त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. या हकीकतीत आमच्या हातून घडलेली एक चूक आहे आणि तीही आपल्या माणसांसमोरच सांगितली पाहिजे.

प्रश्न वरकरणी लहान होता. वडिलांची एक जुनी, हौशी लोक शोधत फिरतात अशी मोटार विकावयाची होती. ती लिलावात काढावी, की पारखून एखाद्या गिऱ्हाइकास खाजगी रीतीने द्यावी ? या एका प्रश्नापायी आम्हां चार भावंडांचे एक वर्ष अस्वस्थतेत गेले. आज आपल्या कित्येक कुटुंबांत जुनी जीप आहे, जुनी मोटार आहे, वाड्याचे कोरीव सागवानी खांब आहेत. ज्याचा बाजारभाव कोठे लिहिलेला नसतो अशी वस्तू प्रत्येकाच्या घरी असते. सबब आमचा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

प्रथम त्या मोटारीविषयी सांगतो. मुंबईकडे जिला 'डुक्कर फियाट' म्हणत, ती ही मोटार. नाव ऐकून भगिनींनी हसू नये. पाठ गोल, नाकाड पुढे आलेले, अशा तिच्या ठेवणीवरून लोकांनी प्रेमाने ठेवलेले ते नाव आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची अकराशेची मोटार तयार होऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टेअरिंगला लागून, आणि पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूस. पुढे याच घराण्यात प्रीमियर पद्मिनी जन्मली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतील शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला जणू निरोपाचा समारंभच केला. रस्त्यावर गाडी होती तेव्हा तिची किंमत नव्हती. ती दिसेनाशी झाली तशी तिची हौस वाढली. जुन्या वस्तूंची ही रीतच आहे.

आमचे वडील अडतीचा धंदा करीत. त्यांनी १९५७ सालची ही गाडी १९६६ साली नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्या काळी इस्लापूरहून बाहेर पडावयाचे तर मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील आगगाडी हाच मुख्य आधार, आणि ती गेली की दुसऱ्या वेळेपर्यंत वाट पाहणे भाग. पावसाळ्यात पैनगंगा फुगली आणि सहस्रकुंडाचा आवाज रात्री दुरून ऐकू येऊ लागला, की आमच्या आईस धाकधूक होई. अशाच रात्री कोणी तरी अडलेल्या बाईस घेऊन दारी येई, आणि वडील अंगावर घोंगडे टाकून गाडी काढीत. किती जणी त्या गाडीतून किनवटास वा भोकरास गेल्या आणि लेकरू पदरात घेऊन परतल्या, याची मोजदाद वडिलांनी ठेवली नाही. भाडे त्यांनी कधी घेतले नाही. आमची धाकटी बहीण १९८४ साली सासरी उदगीरला गेली, ती याच गाडीतून.

वडील १९९८ साली वारले. गाडी आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली राहिली. दर दसऱ्यास आम्ही ती पुसून, झेंडूची माळ घालून, एकदा सुरू करीत असू. मातोश्री २००९ साली गेल्या. थोरले बंधू, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतो, ते येथेच शेती पाहतात. धाकटे बंधू पुण्यास असतात. गाडी आमच्या गोठ्यात, किल्ली आमच्या खुंटीवर, पुसण्याचे फडके आमच्या हाती. तेव्हा ती आमचीच आहे असे आम्हांस नकळत वाटू लागले होते. पुढील चुकीचे मूळ तेथे आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात आपल्याच परिचयातील एक गृहस्थ आले. त्यांनी गाडी पाहिली, १,४०,००० रुपये सांगितले आणि ११,००० रुपये विसार म्हणून आमच्या हातावर ठेवले. त्याआधी एका भंगारवाल्याने तिचे वजन करून २२,००० रुपये सांगितले होते, त्यामुळे हा आकडा आम्हांस मोठा वाटला. आम्ही विसार घेतला. अण्णांस संध्याकाळी सांगितले, पुण्यास दूरध्वनी केला. बहिणीस कळविण्याचे मात्र आमच्या मनातही आले नाही.

तिला ते चौथ्या दिवशी परस्पर कळले. ती उदगीरहून आली, ओसरीवर बसली, पाणीही घेतले नाही. म्हणाली, "भाऊ, मला पैसे नकोत. पण आपल्या बापूंची गाडी विकली, हे मला परक्याच्या तोंडून कळावे का ? मी या घरची कोणीच नाही का ?" आम्ही जन्मभर मुलांकडून प्रश्नांची उत्तरे घेतली, त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

भगिनींनो, येथे कायद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी आपल्यांत गैरसमज फार आहे. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असे सरसकट म्हटले जाते. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेसंबंधी आहे. बापाने स्वतः कमावलेली आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेली मालमत्ता मुलगा, मुलगी, विधवा व आई यांस सारख्या वाट्याने जाते, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच ठरविले आहे. मोटार ही देखील मालमत्ताच होय. तेव्हा आम्ही विकावयास निघालो होतो ती गाडी तीन हिस्से दुसऱ्यांची आणि एक हिस्सा आमची होती.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि सौदा मोडला. रीतीप्रमाणे विकणारा फिरला तर त्याने विसार दुप्पट परत करावा. आम्ही २२,००० रुपये आमच्या निवृत्तिवेतनातून त्यांस दिले. पैसे गेले त्याचे दुःख नाही. दिलेला शब्द आम्ही मोडला, आणि मोडला नसता तर बहिणीवर अन्याय झाला असता. दोहोंपैकी एक पाप पदरी घेणे भाग होते. ते गृहस्थ आज या मंडपात आहेत. आम्ही सर्वांसमक्ष पुन्हा एकवार त्यांची क्षमा मागतो.

त्यानंतर चौघे भावंडे एकत्र बसलो. गाडी विकावी यावर एकमत झाले, कारण गोठ्यात उभ्या असलेल्या लोखंडास गंज वाट पाहावयास लावीत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात अजून मिरवते, हैदराबादच्या निजामांची १९१२ ची रोल्स-रॉईस चौमहल्ला राजवाड्यात जपून ठेविली आहे. पण तेथे राखावयास माणसे आहेत, छप्पर आहे. आमच्यासारख्यांनी न विकण्याचा हट्ट धरावा, तर वस्तू आपल्याच हाती मरते. आता विकावयाची कशी, याविषयी दोन पक्ष पडले. धाकटे बंधू म्हणाले, "मुंबईस जुन्या मोटारींचे लिलाव होतात, आता ते संगणकावरूनही होतात. तेथे देऊ. चारचौघांत जो भाव फुटेल तो खरा." अण्णा म्हणाले, "लिलाव म्हणजे दिवाळे निघाल्यासारखे दिसते. ओळखीचे चांगले गिऱ्हाईक पाहून द्यावी."

हे दोन्ही मार्ग आपणांस नवे नाहीत. आम्ही अडत्याच्या घरी वाढलो. मोंढ्यात मालाचा ढीग पडतो, भोवती खरेदीदार उभे राहतात, बोली चढत जाते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत भाव ठरतो. उलट, जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली होई. हेडी एका हाताने रुमाल धरी, आत बोटे चेपली जात, आणि दहा माणसे भोवती असून भाव दोघांसच ठाऊक. एके काळी धान्याचे सौदेही असेच हातावर कापड टाकून होत. त्यास हत्ता पद्धत म्हणत. त्यात शेतकरी नाडला जातो म्हणून बाजार समित्यांच्या नियमांनी उघडी बोली आणली. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा १९६३ चा आहे. तेव्हा लिलाव ही लाजेची गोष्ट आहे, हे अण्णांचे म्हणणे खरे नव्हे. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे संरक्षण त्यानेच केले.

परंतु धाकट्या बंधूंचे म्हणणेही पुरते खरे नव्हते. मोंढ्यात दररोज गाड्याच्या गाड्या माल येतो, आणि प्रत्येक ढिगास पाचदहा खरेदीदार असतात. बैलाची गोष्ट निराळी. त्याची चाल, त्याचा स्वभाव, तो कोणाच्या दावणीस जाणार, हे पाहून शेतकरी देतो. पुष्कळ वेळा दोन पैसे कमी घेऊन ओळखीच्या घरी देतो, कारण तो खाटकाकडे जाऊ नये. आता आमची फियाट ही ज्वारीचा ढीग की बैल ? हा प्रश्न सुटला की उत्तर सापडते.

लिलावाचे गणित फळ्यावर मांडतात तसे मांडून पाहू. एखादा हौशी गृहस्थ एकूण ३,३०,००० रुपये खर्चण्यास तयार आहे असे समजा. लिलाव चालविणारे पुष्कळदा खरेदीदाराकडून बोलीवर शुल्क घेतात. ते शेकडा दहा धरू. शहाणा खरेदीदार ते शुल्क आपल्या थैलीतूनच वजा करून बोलतो, म्हणजे त्याची बोली ३,००,००० वर थांबते. विकणाऱ्याकडूनही शेकडा दहा दलाली धरू, ३०,००० गेले. गाडी ट्रकवर चढवून इस्लापूरहून मुंबईस नेणे, विमा, साफसफाई, याचे ४०,००० धरू. हाती उरले २,३०,०००. तोच गृहस्थ आपल्या पायांनी आमच्या गोठ्यात आला असता, तर वाहतुकीचा खर्च त्याचा धरूनही त्याने आम्हांस तीन लाखांच्या आसपास दिले असते. हे ऐकून अण्णा खूश झाले.

पण गणिताचा दुसरा भागही आहे. समजा लिलावात असे दोघे जण आले की ज्यांस हीच गाडी हवी, आणि दोघांच्या ईर्ष्येत बोली ५,००,००० वर गेली. तर दलालीचे ५०,००० आणि वाहतुकीचे ४०,००० जाऊनही ४,१०,००० हाती येतात. तेव्हा धाकटे बंधू खूश झाले. यावरून नियम असा निघतो की, खाजगी विक्रीस एक योग्य माणूस पुरतो. लिलावास किमान दोन लागतात. चढत्या बोलीत जिंकणारा आपली पूर्ण ऐपत कधीच देत नाही. दुसरा जेथे थांबला त्याच्या किंचित वर देतो. ही गोष्ट १९६१ साली ज्या अर्थशास्त्रज्ञांनी शास्त्रशुद्ध मांडली त्यांचे आडनाव, योगायोग पाहा, विक्री असेच होते. विल्यम विक्री यांस १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून लिलावाचा विचार करताना "माझी वस्तू किती उत्तम" हे न विचारता, "तिच्यासाठी दुसरा कोण थांबणार नाही" हे विचारावे.

जगातील थोरामोठ्यांच्या मोटारींचाही हाच अनुभव आहे. फेरारी कंपनीची २५० जीटीओ ही १९६० नंतरच्या दशकातील अत्यंत दुर्मिळ मोटार. २०१८ साली त्यांतील एक जाहीर लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी त्याच जातीची दुसरी खाजगी रीतीने विकली गेली, आणि तिचे सुमारे ७ कोटी डॉलर आले असे वृत्तपत्रांनी छापले. दोन्ही गाड्यांचा इतिहास वेगळा, त्यामुळे सरळ तुलना करू नये. परंतु एक भेद ध्यानात धरावा. पहिला आकडा हातोडा पडताना सर्वांनी ऐकला, दुसरा कर्णोपकर्णी आला. खाजगी सौद्यात भाव जास्त येऊ शकतो, पण भावाची साक्ष राहत नाही. जेथे वस्तूचा मालक एकच आहे तेथे साक्षीवाचून चालते. जेथे चार भावंडे मालक आहेत तेथे साक्ष नसेल तर "भाऊंनी खरा आकडा सांगितला का ?" ही शंका तीन पिढ्या टिकते.

लिलावात आणखी एक धोका आहे, तो बाहेरून दिसत नाही. वस्तू लिलावात निघाली आणि राखीव किमतीस पोहोचली नाही, तर ती परत येते; पण पूर्वीची राहत नाही. बाजाराने नाकारलेली म्हणून तिचा बोभाटा होतो. माळेगावच्या यात्रेत विकण्यास नेलेला घोडा संध्याकाळी परत आला की दुसऱ्या वर्षी त्याचा भाव आधीच कमी होतो, तसेच हे.

आम्ही मुंबईच्या एका लिलाव संस्थेस छायाचित्रे पाठविली. त्यांचे उत्तर सभ्यपणाचे आले. गाडी त्यांच्या तज्ज्ञांस दाखवावी लागेल, रंगरोगण व दुरुस्ती आधी करावी, लिलाव काही महिन्यांनी निघेल, असा त्याचा आशय होता. ते बरोबरच होते. ती जागा राजेरजवाड्यांच्या गाड्यांची. आमची गाडी अडत्याची. तिला मोल होते ते तिचे सगळे सुटे भाग मूळचे असल्यामुळे आणि तिचा इतिहास ठाऊक असल्यामुळे. ते मोल ओळखणारी माणसे थोडी, पण ती शोधून सापडण्यासारखी होती.

तत्पूर्वी आम्हांस कागदपत्रांचा धडा मिळाला. गाडी अजून वडिलांच्याच नावावर होती. मालक वारल्यास तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी, असा नियम आहे. आम्ही चोवीस वर्षे काही केले नव्हते. नोंदणीची मुदतही केव्हाच संपली होती. तिघा भावंडांची प्रतिज्ञापत्रे घेऊन गाडी अण्णांच्या नावे करण्यात पाच महिने गेले. दोष सर्वस्वी आमचा. विक्री झाली की नमुना २९ व ३० भरून द्यावयाचे असतात. ते न देता नुसती किल्ली दिली, तर पुढे त्या गाडीने काही केल्यास जबाबदारी आपल्याच दारी येते. कागद पुरे नसतील तर लिलाव की खाजगी हा प्रश्नच उद्भवत नाही. मग उरतो तो भंगारवाला.

याच वेळी पुराण्या वाहनांच्या नव्या नियमांची माहिती झाली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा मोटार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदविता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि पुढे नूतनीकरणास ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरास वा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावी. तिची खरेदी-विक्री करता येते, मात्र दोघांनी नव्वद दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणास कळवावे. यातील मूळ स्वरूपाची अट महत्त्वाची आहे. सांगाडा, वरचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला, तर हा मान जातो. "जुने इंजिन काढून नवे बसवा, चांगला भाव येईल" असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये.

मार्ग मात्र आम्हांस अनपेक्षित ठिकाणी सापडला. ५ मे २०२२ रोजी जर्मनीत स्टुटगार्ट येथे मर्सिडीझ कंपनीने आपल्या संग्रहालयातील १९५५ ची एक मोटार विकली. अशा दोनच मोटारी जगात आहेत. किंमत आली १३ कोटी ५० लाख युरो. आजवर लिलावात मोटारीस मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत म्हणून गाजली. तो पैसा तरुणांस शिष्यवृत्ती देण्यासाठी लावण्याचे कंपनीने ठरविले, हे वाचून आमच्यातील शिक्षक सुखावला. आम्हांस शिकण्यासारखे होते ते असे की, तो लिलाव सर्वांस खुला नव्हता. गाडी नीट सांभाळतील अशा निवडक लोकांसच निमंत्रण होते. म्हणजे पारख खाजगी आणि भाव लिलावाचा. एवढी मोठी कंपनी जे करते ते इस्लापुरात आमच्या ओसरीवर का होऊ नये ?

चौघांनी बसून प्रथम एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. एक, २,५०,००० रुपयांच्या खाली गाडी द्यावयाची नाही. दोन, घेणाऱ्याने ती मोडू नये व तिचे इंजिन बदलू नये. तीन, सर्वांत मोठा आकडा स्वीकारलाच पाहिजे असे आमच्यावर बंधन नाही. खाली चौघांच्या सह्या झाल्या. मग धाकट्या बंधूंनी हौशी मंडळींत चौकशी करून तिघे निवडले: पुण्याचे एक संग्राहक, हैदराबादचे एक व्यापारी आणि लातूरचा एक तरुण मेकॅनिक. पूर्वी विसार दिलेल्या गृहस्थांसही आम्ही निमंत्रण धाडले. ते आले नाहीत, आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी ते तिघे आले. गाडीचे दोष आम्ही आधीच सांगितले: उजव्या दाराच्या खाली गंज, मागील काच बदललेली, ब्रेक नवे करावे लागतील. विकणाऱ्याने दोष लपविला तर तो पुढे व्याजासह बाहेर येतो. दुपारी जेवणानंतर कागद वाचून दाखविला आणि तिघांनी आपापला आकडा बंद पाकिटात घालून दिला. पाकिटे बहिणीने सर्वांसमक्ष फोडली.

पुण्याच्या संग्राहकांचे २,८०,०००. लातूरच्या तरुणाचे ३,१५,०००. हैदराबादच्या व्यापाऱ्यांचे ३,६०,०००, आणि त्याखाली त्यांनी सरळ लिहिले होते की, इंजिनाची अट मान्य नाही, नवे इंजिन घालून गाडी रोज चालविण्याचा मानस आहे. माणूस प्रामाणिक. अट मान्य करून मागाहून मोडणे त्यांस अवघड नव्हते, कारण एकदा गाडी गेल्यावर अशा अटीमागे कोर्टात कोण धावणार ? अट ही शेवटी घेणाऱ्याच्या शब्दावरच उभी असते.

आम्ही चौघे माजघरात गेलो. फरक ४५,००० रुपयांचा, म्हणजे प्रत्येकी ११,२५०. वडिलांची गाडी जशीच्या तशी राहावी या आमच्या इच्छेची ती रोख किंमत होती. बोलावयास सोपे, पण अण्णांच्या नातवाची वसतिगृहाची फी त्याच महिन्यात भरावयाची होती, आणि त्या वर्षी सोयाबीनने त्यांस दगा दिला होता. अण्णा काही बोलले नाहीत. न बोलणारा माणूस काय विचार करतो, हे भावंडांस कळते. तेव्हा बहीणच म्हणाली, "अण्णांचा वाटा मोठ्या आकड्याप्रमाणे धरा. कमी पडेल ते आम्हां तिघांतून काढा. बापू असते तर असेच करते." अण्णांनी नको म्हणून पाहिले, धाकट्या बंधूंनी ऐकले नाही. तिघांनी प्रत्येकी ३,७५० रुपये सोडले. अण्णांस ९०,००० आले, आम्हां तिघांस प्रत्येकी ७५,०००. बेरीज ३,१५,०००. शाळेत त्रैराशिकाची हजारो उदाहरणे आम्ही सोडविली. इतके समाधान देणारे उदाहरण दुसरे आठवत नाही.

गाडी लातूरच्या तरुणास दिली. व्यापाऱ्यांनी पाहुणचाराचे आभार मानले आणि त्या तरुणाचा हातही हातात घेतला; भाव उघड्यावर ठरल्यामुळे कोणाच्या मनात किल्मिष राहिले नाही. गाडी ट्रकवर चढविण्यापूर्वी बहिणीने तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला. जिने १९८४ साली सासरी जाताना तिच्या काचेतून मागे पाहिले होते, तीच आज गाडीस निरोप देत होती. पुढील दसऱ्यास त्या तरुणाने छायाचित्र पाठविले. ब्रेक नवे, गंज काढलेला, आणि इंजिन तेच. त्याने शब्द पाळला आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, सार असे. वस्तू दुर्मिळ असेल, तिची कीर्ती दूरवर असेल आणि तिच्यासाठी दोघे तरी हट्टास पेटतील अशी खात्री असेल, तर लिलाव करावा. राखीव किंमत आधी ठरवावी आणि दलालीचे गणित कागदावर मांडावे. वस्तू मध्यम मोलाची असेल, आणि ती कोणाच्या हाती जाते याची काळजी असेल, तर खाजगी विकावी. पण एकाच गिऱ्हाइकावर न थांबता तिघाचौघांस बोलवावे. आणि वस्तूचे मालक एकाहून अधिक असतील, तर पद्धत कोणतीही असो, भाव सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरावा. मात्र या सर्वांच्या आधीची पायरी आम्ही चुकलो होतो: विसार घेण्यापूर्वी, बोली लावण्यापूर्वी, सासरी गेलेल्या बहिणीस विचारावे. तिला पैसे नको असतील, बहुधा नसतातच. पण विचारले जाण्याचा तिचा हक्क आहे, आणि तो तिने मागण्याची वाट पाहू नये.

आमचा गोठा आता रिकामा आहे. दसऱ्यास झेंडूची माळ आम्ही त्या खुंटीवर घालतो, जेथे किल्ली असे. बहीण मात्र पूर्वीपेक्षा अधिक वेळा येते, आणि आली की पाणी मागून घेते.